गोठ्यातली गाडी

(रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



मी आता वर्गात आलो, तेव्हा तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्या पायाकडे पाहिले. पाहिले तर पाहिले. मला त्याचे वाईट वाटत नाही. माझा उजवा पाय अधू आहे. पण तो जन्मापासून तसा नाही. तो मी माझ्याच चुकीने अधू करून घेतला. कसा, ते आधी सांगतो. आजचा विषय त्यातूनच निघाला आहे.

१९८६ सालची गोष्ट. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. तालुक्याच्या गावी गॅरेजात हाताखाली काम करत होतो. एक जुनी फटफटी मला स्वस्तात मिळाली. दोन वर्षे ती एका पडवीत पडून होती. मी रात्री जागून तिचे इंजिन खोलले, साफ केले, पुन्हा बसवले. टाकीला लाल रंग दिला. पहिल्या किकेला ती चालू झाली, तेव्हा मला आभाळ ठेंगणे झाले. ब्रेकची तार गंजलेली होती. ते मला दिसत होते. पण म्हटले, उद्या बदलू. तशीच गाडी घेऊन मी निघालो. ओढ्याच्या उतारावर समोर बैलगाडी आली. मी ब्रेक दाबला. तार तुटली. पुढचे मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तो दवाखान्यात. गाडीवान वाचला, बैल वाचले, हे माझे नशीब. माझा पाय मात्र कायमचा अधू झाला.

तेव्हापासून मी एक गोष्ट गाठीला बांधली. गाडी पळते की नाही, हे नंतर बघायचे. गाडी थांबते की नाही, हे आधी बघायचे.

आता तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट आम्हाला कशाला? तर ऐका. आज खेड्यापाड्यांत मोटारसायकल ही चैन राहिलेली नाही. दूध न्यायचे, भाजी न्यायची, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे, तर गाडी लागते. नवी गाडी सगळ्यांना परवडत नाही. मग कुणाच्या तरी गोठ्यात पडलेली गाडी आपण घेतो. घेण्यात काही गैर नाही. पण घ्यावी कशी आणि नीट करावी कशी, हे कळले पाहिजे. माझ्या बहिणीच्या घरी २०२५ साली असेच झाले. तेच आज सांगतो.

माझी बहीण वस्तीवर राहते. घरी दोन म्हशी आणि एक गाय. दूध घालायचे केंद्र वस्तीपासून सहा किलोमीटर. सकाळची एस.टी. कधी वेळेवर येते, कधी येत नाही. उशीर झाला की केंद्र बंद. उन्हात दूध नासते. नासलेले दूध कोण घेणार? आठवड्यातून एक-दोन वेळा तरी दूध परत घरी यायचे. बहिणीचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, एकोणीस वर्षांचा. तो म्हणाला, "आई, आपण गाडी घेऊ." बहिणीने दोन शेळ्या विकल्या. भिशीचे पैसे उचलले. शेजारच्या गावात एकाच्या गोठ्यात एक मोटारसायकल पडून होती. मालक नऊ हजार म्हणत होता. बहिणीने मला फोन केला, "दादा, तू ये. तू बघितल्याशिवाय मी पैसे देणार नाही."

मी गेलो. गाडी शंभर सी.सी.ची स्प्लेंडर होती. २००९ सालची. २०२० साली टाळेबंदीत ती उभी राहिली, ती उभीच होती. तिच्यावर शेणगोळे, कोंबड्यांची पिसे, धूळ. सीटमध्ये उंदरांनी घर केलेले. भाचा खट्टू झाला. पण मी मनात म्हटले, घेण्याजोगी आहे. का? सांगतो. शंभर सी.सी.ची हीरो होंडा आपल्याकडे १९८५ साली आली. स्प्लेंडर १९९४ साली आली. या गाड्या इतक्या खपल्या, की त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या कोणत्याही दुकानात मिळतात. हीरो आणि होंडा या दोन कंपन्या पुढे वेगळ्या झाल्या. २०११ पासून हीरोने नवे नाव घेतले. पण भाग मिळायचे थांबले नाहीत. पहिलीच गाडी घेणाऱ्याने हे बघावे. देखणी पण दुर्मिळ गाडी घेतली, तर एका भागासाठी महिनाभर वाट पाहावी लागते.

पण गाडीला हात लावण्याआधी मी कागद मागितले.

मंडळी, जमीन घेताना आपण सातबारा बघतो. गाडीलाही सातबारा असतो. त्याला आर.सी. बुक म्हणतात. आता ते छोट्या कार्डावरही असते. त्यावर मालकाचे नाव असते. गाडीचा नंबर असतो. शिवाय आणखी दोन नंबर असतात. एक चेसिसचा आणि एक इंजिनाचा. हे दोन नंबर गाडीच्या लोखंडावरही ठोकलेले असतात. या गाडीत चेसिसचा नंबर पुढे असतो. हँडल ज्या नळीत फिरते, त्या नळीवर. इंजिनाचा नंबर इंजिनाच्या डाव्या अंगाला, खाली असतो. कागदावरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर एकच असला पाहिजे. एका आकड्याचाही फरक चालत नाही. फरक असेल, तर गाडी चोरीची असू शकते, किंवा इंजिन दुसऱ्याच गाडीचे असू शकते.

बहीण दोन वर्षांपूर्वी अशाच वर्गात वाचायला शिकली. इंग्रजी आकडेही तिला येतात. आर.सी. बुक तिने हातात घेतले. मी नळीवरची धूळ पुसून एकेक आकडा वाचत गेलो. ती कागदावर बोट ठेवत गेली. मध्येच ती म्हणाली, "थांब दादा. तू तीन म्हणालास. इथं आठ आहे."

सगळे गप्प झाले. मालकाचे तोंड उतरले. तो म्हणाला, "कागद खरे आहेत हो, ताई." बहीण काही बोलली नाही. पण पैशांची पिशवी तिने पदराखाली घेतली. मी डिझेलमध्ये जुना दातांचा ब्रश बुडवला आणि ती जागा घासली. बॅटरीचा उजेड पाडला. आठच होता. त्याच्या डाव्या अर्ध्या भागात माती घट्ट बसली होती, म्हणून तीन दिसत होता. तेव्हा बहीण म्हणाली, "आता पुढचा वाच." शेवटचा आकडा जुळला, तेव्हाच तिने पिशवी खाली ठेवली. तो आकडा खरोखर तीन असता, तर आम्ही चहासुद्धा न घेता परत फिरलो असतो.

कागदात आणखी काय बघावे? सातबाऱ्यावर जसा बोजा असतो, तसा आर.सी. बुकावरही असतो. गाडी कर्जावर घेतली असेल, तर बँकेचे नाव तिथे असते. कर्ज फिटले असेल, तर बँकेचा ना हरकत दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म देऊन तो बोजा उतरवावा लागतो. बोजा उतरल्याशिवाय पैसे देऊ नका.

मग गाडी आपल्या नावावर करायची. त्यासाठी २९ नंबरचा आणि ३० नंबरचा फॉर्म असतो. विकणाऱ्याची सही घ्यावी लागते. गाडी दुसऱ्या आर.टी.ओ. कचेरीच्या हद्दीतली असेल, तर तिथला ना हरकत दाखलाही लागतो. विकणाऱ्यानेही यात हयगय करू नये. गाडी विकली, पण कागदावर नाव तसेच राहिले, आणि पुढे अपघात झाला, तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे, की नोंदीत ज्याचे नाव, त्याच्यावर भरपाईची जबाबदारी. गाडी दुसऱ्याची, अपघात तिसऱ्याचा, आणि भरपाई तुमच्या गळ्यात.

मोटारसायकलची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी नवी करावी लागते. आमच्या गाडीची मुदत २०२४ सालीच संपली होती. म्हणून तर ती स्वस्त होती. अशी गाडी रस्त्यावर चालवत आणायची नसते. आम्ही ती टेम्पोत घालून वस्तीवर आणली. नीट झाल्यावर पुन्हा टेम्पोत घालूनच आर.टी.ओ. कचेरीत दाखवायला नेली. नोंदणीची फी, पर्यावरण कर, उशिराचा दंड हे सगळे किती होते, ते कचेरीत आधीच विचारून घ्यावे. तो आकडा गाडीच्या किमतीत मिळवावा आणि मगच सौदा ठरवावा. शिवाय २०१९ च्या एप्रिलपूर्वी नोंदलेल्या गाडीला नवी सुरक्षित नंबरपाटी लावावी लागते. तिचाही खर्च धरावा.

असो. गाडी घरी आली. आता खरे काम सुरू झाले.

भाचा म्हणाला, "मामा, आधी इंजिन चालू करून बघू की." दुसऱ्या दमात म्हणाला, "टाकीला लाल रंग देऊ. आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवू." मला माझी लाल टाकी आठवली. मी त्याला म्हटले, "बाळा, काम चार पायऱ्यांनी करायचं. पहिली पायरी थांबणं. दुसरी वळणं. तिसरी दिसणं. चौथी पळणं. पायरी चुकवायची नाही." त्याने मान डोलावली. पण त्याचे लक्ष टाकीकडेच होते.

पहिली पायरी, थांबणे. या गाडीला दोन ब्रेक. पुढचा हाताचा, मागचा पायाचा. दोन्ही चाकांच्या मधोमध डबा असतो. त्या डब्यात अर्ध्या चंद्रासारखे दोन ब्रेकशू असतात. ब्रेक दाबला, की ते फाकतात आणि डब्याला आतून घासतात. त्या घासण्याने चाक थांबते. गाडी पाच वर्षे उभी राहिली, की डबा आतून गंजतो. शू अडकून बसतात. आम्ही दोन्ही चाके काढली. शूंचे अस्तर झिजून गुळगुळीत झाले होते. ते बदलले. डबा बारीक पॉलिश कागदाने घासला.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. ब्रेकच्या डब्यातली धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या शूंच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ छातीत गेली तर घातक असते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके फेकून द्या. दुसरी गोष्ट, शूच्या अस्तराला तेलाचा किंवा ग्रीसचा हात लागू देऊ नका. तेलकट शू धरत नाही.

पुढचा ब्रेक तारेवर चालतो. तार आणि तिची नळी मिळून जी केबल होते, ती सगळी बदला. तिच्यात तेल सोडून भागवू नका. एक धागा तुटलेला दिसला, की बाकीचे तुटायच्या वाटेवर आहेत असे समजा. मागचा ब्रेक सळईवर चालतो. तिचा नट आणि पिना बघा. ब्रेक बसवल्यावर हाताच्या लिव्हरला एक ते दोन सेंटिमीटर मोकळी चाल ठेवा. पायाच्या पट्टीला दोन ते तीन सेंटिमीटर ठेवा. अजिबात चाल नसेल, तर ब्रेक सतत घासत राहतो आणि तापतो. फार चाल असेल, तर वेळेवर लागत नाही.

थांबण्यात टायरही येतो. ब्रेक चाकाला थांबवतो, पण गाडीला टायर थांबवतो. आमच्या गाडीच्या टायरवर नक्षी चांगली होती. भाचा म्हणाला, "हे तर नवेच आहेत." मी म्हटले, "टायरच्या अंगावर चार आकडे शोध." त्याला १७०९ हे आकडे सापडले. त्यांचा अर्थ असा, की टायर २००९ सालच्या सतराव्या आठवड्यात तयार झाला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे टायर सोळा वर्षांचा म्हातारा. रबर कडक झाले होते. कडेला बारीक चिरा होत्या. असे रबर रस्त्याला धरत नाही. पावसात तर नाहीच नाही. दोन्ही टायर आणि ट्यूब आम्ही नव्या घेतल्या. तुम्हीही टायर घेताना हे चार आकडे वाचा. दुकानात वर्षानुवर्षे पडलेला टायर नवा म्हणून घेऊ नका.

दुसरी पायरी, वळणे. इंजिनाखाली लाकडी ठोकळा लावा आणि पुढचे चाक अधांतरी करा. मग हँडल या कडेपासून त्या कडेपर्यंत हळू फिरवा. मधोमध अडकल्यासारखे वाटले, तर कोनसेट गेला. तो बदलावा लागतो. पुढचे चाक दोन्ही हातांनी धरून मागेपुढे हलवा. खटखट वाजले, तर सैलपणा आहे. चाकाच्या आऱ्या पान्याने हलकेच वाजवून बघा. वीणेची तार जुळलेली असेल तर सूर लागतो. सैल असेल तर भद्द वाजते. आऱ्यांचेही तसेच आहे. आमच्या मागच्या चाकाच्या तीन आऱ्या भद्द वाजल्या. त्या घट्ट करून घेतल्या. चाक सरळ फिरते का, तेही बघितले.

तिसरी पायरी, दिसणे. आपल्याला रस्ता दिसला पाहिजे. आणि आपण दुसऱ्याला दिसलो पाहिजे. पुष्कळ लोक पहिलेच बघतात. या जुन्या गाडीत एक गंमत आहे. बॅटरी मेलेली असली, तरी इंजिन चालू असताना पुढचा मोठा दिवा लागतो. म्हणून लोक बॅटरी बदलत नाहीत. पण हॉर्न, वळणाचे दिवे आणि ब्रेकचा लाल दिवा बॅटरीवर चालतात. तुम्ही ब्रेक दाबला आणि मागचा दिवा लागला नाही, तर मागच्या ट्रकवाल्याला काय कळणार? आम्ही नवी बॅटरी बसवली. उंदरांनी कुरतडलेल्या तारा बदलल्या. तारेचे उघडे तोंड नुसते पिळून सोडायचे नाही. त्यावर टेप घट्ट गुंडाळायचा. नाहीतर ठिणगी पडते आणि वर पेट्रोलची टाकी असते.

आता चौथी पायरी, पळणे. पण इथे आमच्या घरात एक प्रकार घडला.

मी दर रविवारी वस्तीवर जात असे. दुसऱ्या रविवारी गेलो, तर लांबूनच इंजिनाचा आवाज आला. भाच्याने मोबाईलवर बघून कार्बोरेटर साफ केला होता आणि इंजिन चालू केले होते. तो सीटवर बसला होता. अंगणात चार पोरे जमली होती. बहीण दारात उभी राहून कौतुकाने बघत होती. तेव्हा मागचा ब्रेक जोडलेला होता. पण पुढचे ब्रेकशू नव्या पुडक्यातच होते. कोनाड्यात. भाचा म्हणाला, "मामा, फक्त रस्त्यापर्यंत जाऊन येतो."

मी काही बोललो नाही. गाडी बंद केली. चेनचे कव्हर उघडले. चेनची कडी काढली. चेन ओढून घेतली आणि माझ्या पिशवीत टाकली. म्हटले, "चेन धुवायला नेतो. पुढच्या रविवारी आणतो." भाचा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. बहीणही म्हणाली, "दादा, पोराचं मन मोडलंस." मी तिला म्हटले, "मन जुळतं. पाय जुळत नाही." तिने माझ्या पायाकडे पाहिले. मग ती काही बोलली नाही.

इंजिनाचे काम त्याने वाईट केले नव्हते. पण ते नीट कसे करावे, ते तुम्हाला सांगतो. टाकीतले जुने पेट्रोल सगळे काढून टाका. पेट्रोल धान्यासारखे टिकत नाही. काही महिन्यांत ते बिघडू लागते. त्याचा चिकट राळेसारखा थर बसतो. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. ते हवेतली ओल ओढते आणि टाकी आतून गंजते. पेट्रोल काढताना मोकळ्या जागी काढा. बिडी नको, चूल नको, दिवा नको. काढलेले पेट्रोल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

कार्बोरेटरमध्ये केसासारख्या बारीक भोकांचे जेट असतात. ते राळेने बुजतात. ते औषधाने धुवा आणि हवेने फुंकून साफ करा. तार किंवा टाचणी घालू नका. भोक मोठे झाले, की गाडी जास्त पेट्रोल पिते. हवेचा फिल्टर बघा. आमच्या फिल्टरच्या डब्यात उंदराचे घरटे निघाले.

इंजिनातले जुने तेल काढा आणि नवे घाला. या गाडीला एक लिटरपेक्षा थोडे कमी लागते. पडून राहिलेल्या इंजिनाला एकदम किक मारू नका. आधी प्लग काढा. त्या भोकातून चार थेंब तेल आत सोडा. मग किक हाताने हळूहळू दाबा. आत कोरडे पडलेले लोखंड तेलाने ओले होते आणि घासत नाही. गाडी थोडी चालल्यावर प्लग पुन्हा काढून बघा. त्याचे टोक चहाच्या रंगाचे असेल, तर सगळे ठीक. काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जाते आहे. पांढरेफटक असेल, तर पेट्रोल कमी पडते आहे आणि इंजिन तापते आहे.

आणि चेन. या गाडीची चेन झाकलेली असते. म्हणून तिची कुणाला आठवण होत नाही. मी नेलेली चेन धुतली, तेव्हा तिच्या कड्या धरलेल्या निघाल्या. चाकाच्या दात्यांची टोके वाघनखांसारखी झाली होती. अशा वेळी चेन आणि दोन्ही दातेरी चाके एकदमच बदलावी. नवी चेन जुन्या दात्यांवर लवकर खराब होते. पुढच्या रविवारी मी पिशवीतून नवी चेन काढली. भाचा हसला. मग आम्ही दोघांनी मिळून आधी पुढचे ब्रेकशू बसवले आणि नंतर चेन चढवली.

आता हिशेब ऐका. बहिणीने तो वहीत स्वतः लिहिला आहे. टायर आणि ट्यूब ३,२०० रुपये. ब्रेकशू ४५०. केबली ५००. बॅटरी ९००. चेनचा संच १,१००. तेल, प्लग, फिल्टर आणि किरकोळ मिळून १,०५०. एकूण ७,२०० रुपये. मजुरी माझी आणि भाच्याची. गाडीचे नऊ हजार वेगळे. टेम्पो आणि कागदांचा खर्च वेगळा. या हिशेबात लाल रंग नाही आणि मोठा सायलेन्सर नाही. त्या पैशांतून हेल्मेट घेतले. आय.एस.आय.ची खूण बघून घेतले. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधायचा असतो. नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट पडताना आपल्या आधी पडते.

गाडी तयार झाली, तरी भाचा तयार नव्हता. त्याने आधी शिकाऊ परवाना काढला. पुढे-मागे लाल अक्षरात 'एल'ची पाटी लावली. मग आम्ही बाजाराच्या मैदानात सराव केला. बाजार नसेल त्या दिवशी. मी त्याला पळवायला शिकवले नाही. थांबायला शिकवले. जमिनीवर चुन्याची रेघ मारली आणि म्हटले, "या रेघेवर थांब." दोन्ही ब्रेक बरोबर दाबायचे. पुष्कळ लोक पुढच्या ब्रेकला भितात आणि फक्त पायाने थांबवतात. पण थांबताना गाडीचा भार पुढे येतो. म्हणून पुढचा ब्रेकच जास्त काम करतो. खडीवर आणि चिखलात मात्र तो हलक्या हाताने दाबायचा. आणखी एक गोष्ट. वेग दुप्पट केला, तर ब्रेक लागल्यावर थांबायला अंतर दुप्पट लागत नाही, चौपट लागते. हे त्याने चुन्याच्या रेघेवर स्वतः बघितले.

तीस दिवसांनी त्याने परीक्षा दिली आणि पक्का परवाना मिळवला. नोंदणी नवी झाली. गाडी त्याच्या आईच्या नावावर झाली. विमा उतरवला. धुराचा दाखला काढला. विमा टाळू नका, मंडळी. आपल्या गाडीने कुणाला इजा झाली आणि विमा नसला, तर भरपाई आपल्या घरावर आणि जमिनीवर येते.

त्यानंतरच किटल्या गाडीला लागल्या. वीस लिटरची एक या बाजूला आणि एक त्या बाजूला. चाळीस किलोंहून जास्त ओझे. ओझे वाढले, की थांबायला जास्त अंतर लागते. म्हणून पहिले आठ दिवस त्याने किटल्यांत पाणी भरून वस्तीच्या वाटेवर सराव केला.

डिसेंबर महिना होता. धुके होते. भाचा दूध घेऊन निघाला. त्याच्या वाटेतही एक उतार आहे. खाली मोरी आहे. उतारावर असताना धुक्यातून एक लहान पोरगी वासराच्या मागे धावत रस्त्यावर आली. संध्याकाळी भाच्याचा मला फोन आला. मला वाटले, गाडी बिघडली. तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "मामा, थांबली."

एवढेच म्हणाला. पोरगी घरी गेली. वासरू घरी गेले. थोडे दूध सांडले. चाळीस वर्षांपूर्वी माझी गाडी थांबली नव्हती. ही थांबली. मला दुसरे काही नको.

मंडळी, गाडी जुनी असली म्हणून वाईट नसते. हयगय वाईट. तुमच्या गोठ्यात किंवा शेजाऱ्याच्या पडवीत अशी गाडी असेल, तर जरूर नीट करा. पण पायऱ्या विसरू नका. थांबणे, वळणे, दिसणे, आणि मग पळणे. आपल्या हाताने जमत नसेल ते काम जाणत्याकडून करून घ्या. विशेषतः ब्रेकचे. आणि पैसे देण्याआधी दोन्ही नंबर स्वतः वाचा.

माझे बोलणे झाले. बाहेर माझी गाडी उभी आहे. टायरवरचे चार आकडे कुठे असतात, ते ज्यांना बघायचे असेल, त्यांनी बॅटरी घेऊन माझ्याबरोबर चला. आकडे मी सांगणार नाही. तुम्हीच वाचायचे.